अंजनाचं चौथं कडवं

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे हो, गाण्याची. तुम्ही जिला हार्मोनियम म्हणता ती. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते उल्हासनगरचं एक दुकान. तिथून शिवराम नावाच्या फिटरनं मला सेकंडहँड घेतलं आणि मांडीवर धरून रिक्षानं अंबरनाथला आणलं.

शिवरामची गायन पार्टी होती. भीमजयंती आली की मला दम खायला फुरसत नसे. गाई तो, पण गाणी रची त्याची बायको अंजना. ती एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला होती. हात खोक्यांवर आणि ओठांत शब्द. घरी आली की लेबलांच्या कोऱ्या पाठीवर सगळं उतरवून काढी. आमच्याकडची रीत अशी, की शेवटच्या, म्हणजे चौथ्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायलाच हवं. 'अंबरनाथची अंजना सांगे, नाव कमव गं लेकी', ही ओळ आली की बाया हात वर करून दाद देत आणि अंजना लाजून पदर सावरी. कंपनीच्या मस्टरशिवाय तिचं नाव दुसरीकडे कुठेच लागलं नव्हतं.

शिवराम गेला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. आठ वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. उंदरानं माझा भाता कुरतडला. मग एक दिवस लेकीनं, मनालीनं, मला खाली उतरवलं. ती आता बदलापूरला मांजर्लीत राहते. चाली छान लावते, गळाही बापाचा घेतलाय. तिला आईच्या गाण्यांचा पहिला अल्बम करायचा होता. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले.

रेकॉर्डिंग करणारा शौनक म्हणाला, "चौथं कडवं उडवू या. तीन मिनिटांच्या पुढे पब्लिक स्किप करते."

"त्यात आईचं नाव आहे रे," मनाली म्हणाली.

"मग नाव कव्हरवर टाकू ना!"

आठही गाण्यांची चौथी कडवी उडाली. कव्हर आलं तर त्यावर छापलेलं, 'शब्द, चाल, आवाज : मनाली'. शौनकचं म्हणणं, सगळं एकटीनंच केलंय म्हटलं की पेपरवाले वळून बघतात. मनाली दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी "चालेल" म्हणाली.

आणि वळले हो पेपरवाले! हिमानी नावाच्या समीक्षिकेनं अर्धं पान भरून लिहिलं. 'या पेटीचा थकलेला श्वास मुद्दाम तसाच ठेवला आहे.' श्वास कसला डोंबलाचा, उंदरानं पाडलेलं भोक ते! पुढे लिहिलं होतं, 'ही गाणी संपत नाहीत, मध्येच तुटतात. पहिल्याच अल्बममध्ये शेवट नाकारण्याचं हे धाडस थक्क करतं.' तिथे अंजनाचं नाव होतं, बाई! ते कापलं, आणि त्या कापण्याचंच कौतुक झालं. मला इतका संताप आला की काय सांगू.

बदलापुरात सत्कार झाला. मलाही हार घालून टेबलावर बसवलं होतं. हिमानी स्वतः आली होती. तिनं माइकवरून विचारलं, "शेवट असा सोडून द्यायचं कसं सुचलं तुला?"

अंजना पहिल्याच रांगेत बसली होती. मनालीनं आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. आता तरी बोलेल.

"मला शेवट मोकळा ठेवायला आवडतो," मनाली म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अंजनानंही वाजवल्या. सत्कारानंतर मला पुन्हा अंजनाच्या घरी आणून ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, झाका, उंदरांपासून जपा, असं माझ्यासारख्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात. माझ्या भात्याचं काय व्हायचं ते होवो. मी एवढंच मागते, की गाणं आवडलं तर ते कुणी रचलं हे विचारा, आणि रचणारी जिवंत आहे तोवर विचारा.

परवा मनाली आली. दुसऱ्या अल्बमसाठी तिला नवं गाणं हवं होतं. अंजनानं चष्मा लावला, बसल्या बैठकीला तीन कडवी लिहिली आणि कागद पुढे केला.

मनालीनं तो उलटून पाहिला. "आई, चौथं कडवं?"

"कापायचंच असतं ना पोरी," अंजना म्हणाली, "मग लिहायचं कशाला?"