शहाण्णव किलो, काहीही वजा न करता

मी एक जुने सागवानी स्टूल आहे आणि सन १९८३ मध्ये, वसईच्या एका प्रसूतिगृहात, मी सुझान नावाच्या मुलीला सुखरूप जन्म दिला.

असे काहीही झालेले नाही. मित्रांनो, वरचे वाक्य वाचलेच नाही असे समजा. माझी गोष्ट इथून सुरू होते.

गोखिवऱ्याच्या काळूराम सुताराने मला चार पाय दिले, डोके दिले नाही. त्यामुळे कोणी मला जबाबदार धरत नसे. वसईच्या प्रसूतिगृहात ऑपरेशनच्या टेबलावर चढताना बायका माझ्यावर पाय ठेवत. एकदा एक डॉक्टर म्हणाले, "बरं आहे हे स्टूल." ही स्तुती मला तीन वर्षे पुरली. मग लोखंडी पायरी आली आणि माझी बदली व्हरांड्यात झाली. तिथे मी पाण्याचे मडके सांभाळू लागले. मडके कधी काही बोलले नाही.

सन १९८३ मधल्या एका दिवशी निर्मळ गावाहून मार्था आली. कळा सुरू झालेल्या आणि बाळ पोटात आडवे. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. अशा वेळी पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचे अंग बधिर करतात, आई शुद्धीवर राहते. सुई जमली नाही तर तिला पूर्ण झोपवावे लागते. पण मार्था तासाभरापूर्वी भात आणि सुकटाचे कालवण जेवून आली होती. भरल्या पोटी झोपवले तर अन्न उलटून फुप्फुसात जाण्याची भीती. म्हणजे सुई जमायलाच हवी होती.

भूल देणाऱ्या डॉक्टर जयवंतीबाईंचा नियम भिंतीवर लिहिलेला होता : सुई ऐंशी किलोपर्यंत कुशीवर झोपवून, त्यापुढे बसवून. प्रसूतिगृहाचा काटा साठवर अडकलेला होता. त्याच्या मते वसईतल्या सगळ्या बायका साठ किलोच्या होत्या. म्हणून मार्थाच्या नवऱ्याने, सॅन्टनने, तिला आदल्या दिवशी गावच्या केळ्यांच्या वखारीत तोलून चिठ्ठी आणली होती. चिठ्ठीवर ऐंशी. जयवंतीबाईंनी मार्थाकडे पाहिले, चिठ्ठीकडे पाहिले आणि नियम पाळला.

दोनदा सुई टोचली. दोनदा हाडाला लागली.

"मधली रेघच सापडत नाही," जयवंतीबाई म्हणाल्या. "सॅन्टन! हे वजन खरं का?"

दाराबाहेरून आवाज आला, "बाई, दांडा धरून सांगू की कापून?"

"कसला दांडा?"

"लोंगराचा. शहाण्णव भरली होती. दांड्याचे दहा कापले, पाण्याच्या ओलीचे सहा. आमच्यात तसंच लावतात."

"अरे, ती बायको आहे तुझी, केळ्यांचा लोंगर नाही!"

"सवय हो, बाई."

"घरी चल तू," टेबलावरून मार्था म्हणाली, "तुझे कापते सोळा किलो."

भारी अंगाची बाई कुशीवर झोपली की पाठीची चरबी खाली ओघळते आणि पाठीची मधली रेघ मध्ये राहत नाही. बसवले की दोन्ही बाजू सारख्या होतात. "मला बसवा," मार्था म्हणाली. "मी हलणार नाही." तिला बसवले, पण पाय अधांतरी लोंबकळू लागले आणि मणक्यांमधली फट उघडेल इतकी पाठ काही वाकेना. लोखंडी पायरी बुटकी पडली.

आया पुतळाबाई बाहेर धावल्या. मडके जमिनीवर, मी आत.

"ठेव पाय यावर," त्या म्हणाल्या. "उशी कवटाल. आता कोलंबीसारखी वाक गो बाय! माझ्यावर रेल, मी कुठं पलून जात नाय."

मार्था वाकली. तेवढ्यात कळ आली. तिने दात आवळले आणि टाचा माझ्यात रोवल्या. सगळे शहाण्णव किलो माझ्यावर नव्हते, खरे सांगते. फक्त पाय होते, आणि हट्ट. माझ्या डाव्या पायात कट्‌ असा आवाज झाला. मी ठरवले की आज हा पाय मोडणार नाही. मोडायचे ते उद्या. कळ ओसरली. मार्था तसूभर हलली नव्हती. मीही नाही.

सुई गेली. टोकाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला, म्हणजे जागा बरोबर सापडली. मार्थाला लगेच आडवे केले, उजव्या कमरेखाली उशी सरकवली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पाय कुठं गेले माझे?" सगळ्यांना फार आनंद झाला.

अर्ध्या तासात सुझान रडली. भरली साडेतीन किलो. सॅन्टनने या वेळी काही कापले नाही.

मित्रांनो, कोणत्याही बाईचे वजन सांगताना काहीही वजा करू नका. जुन्या स्टुलांना मडक्याखाली ठेवू नका. आणि खालील अर्ज कोणीतरी चर्चमध्ये पोहोचवा.

प्रति, मा. धर्मगुरू.
विषय : सुझानच्या बाप्तिस्म्यात धर्मपिता म्हणून नेमणूक मिळणेबाबत.

महोदय, अर्जदारास न हलता उभे राहण्याचा अठरा वर्षांचा अनुभव आहे. मेणबत्ती धरण्यास हात नाहीत, परंतु ती अर्जदारावर उभी राहू शकते. ने-आण करण्यास दोन माणसे लागतील. तरी येत्या रविवारपूर्वी मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.

सही करता येत नाही. पायांचे ठसे उमटवले आहेत : चार.