फुलं उधळणारं ॲप

मास्तरांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळच्या इंग्रजी वर्गासाठी चांगलं ॲप निवडायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं, आणि सकाळपासून मोबाइल हातात धरून ते घरभर भिरभिरत होते. पहिलं ॲप शब्द भरपूर शिकवायचं, पण उच्चार ऐकायचंच नाही. दुसरं इतकं खडूस, की खुद्द मास्तरांनाच 'पुन्हा म्हणा' म्हणून सुनावायचं. तिसरं मात्र लाघवी. बायको महिनाभर त्याच्यावरच सराव करत होती.

आता थोड्याच वेळात तिची फोनवर इंग्रजीतून मुलाखत होती. मोठ्या रुग्णालयात परिचारिकेची जागा. मागच्या खेपेला 'बोलणं समजत नाही' म्हणून तिला नाकारलं होतं.

मास्तरांनी तिसऱ्या ॲपचा माइक दाबला न दाबला, तोच आईनं स्वयंपाकघरात मिक्सर लावला. घर्रर्र! पडद्यावर फुलं उधळली: 'वा! अगदी स्पष्ट उच्चार!'

"आई, पुन्हा लाव बघू."

"रिकामाच?"

"लाव गं!"

पुन्हा फुलं.

"तुझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा हुशार निघाला की रे हा," आई म्हणाली.

मास्तरांना हसू येईना. सांगावं तर ऐन वेळी बायकोचं अवसान गळायचं. न सांगावं तर ती त्या फुलांच्या भरवशावर बोलायला बसायची. तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा गेले. देवा, आता तूच बोल माझ्या तोंडून, असं म्हणत शेवटी आत शिरले.

"अहो, किती येरझारा!" ती म्हणाली.

"तुझं ते ॲप... मिक्सरलासुद्धा शाबासकी देतं गं."

"माझ्या शिंकेलाही दिली होती. पहिल्याच आठवड्यात."

"मग सोडलं का नाहीस?"

"तुम्ही पहिल्याच शब्दाला अडवता. तिथं निदान वाक्य तरी पुरं होतं."

मास्तर पलंगावर आडवे होत म्हणाले, "मी रुग्ण. विचार."

कुठे दुखतं, कधीपासून, औषध काय घेतलं, तिनं इंग्रजीत सगळं विचारलं. मास्तरांची जीभ दोनदा वळवळली. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"कळलं?"

"सगळं कळलं. फक्त तो एक..."

"अहो!"

फोन वाजला. तिनं त्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

मास्तर दाराला कान लावून उभे. एका वाक्यात ती मध्येच अडली. त्यांचा हात कडीवर गेला, तोंडात शब्द तयार होता. आत तिनं माफी मागितली, तेच वाक्य सावकाश, पहिल्यापासून घेतलं आणि शेवटाला नेलं.

मास्तरांनी कडीवरचा हात हळूच काढला.