पाखरूच्या वाटचा दंडवत

बावड्याच्या आबासाहेबांनी मुंबईच्या एका साहेबाकडून विलायती रक्ताची तांबडी घोडी घेतली आणि निरवांगीच्या आपल्या मळ्यावर घोडी राखणाऱ्या गेणबाच्या हवाली केली. कान टवकारून उभी राहिली की आता उडते का काय असं वाटायचं, म्हणून तिचं नाव पडलं पाखरू. लांबच्या पल्ल्याची ती नव्हतीच. थोडक्या अंतरात वाऱ्याला मागं टाकायचं, एवढंच तिचं काम. पुण्याची पाच फर्लांगांची शर्यत तर चिलीम पेटेस्तोवर संपायची.

पण पुण्याच्या पहिल्याच पावसाळी हंगामात पाखरू तीनदा पळाली आणि तीनदा हरली. हरली तीही एकाच तऱ्हेनं. सुटताना सगळ्यांच्या पुढं आणि शेवट डोळ्यांपुढं आला की ढिली.

दसरा झाल्यावर आबासाहेब मळ्यावर आले. घोड्यावरून उतरले नाहीत, पागेच्या दाराशीच बोलले.

"गेणू, बारामतीचा टांगेवाला मागतोय हिला. जॉकी म्हणतो, दम न्हाय जनावरात."

"दम हाय, आबासाहेब," गेणबा म्हणाला. "घाम सुद्धा आला नव्हता तिला."

"मग मस्ती हाय म्हणायची. पुढच्या पावसाळ्यात एक शर्यत देतो. न्हायतर टांगा."

पागेला लागूनच्या घरात चुलीपुढं गेणबाची बायको प्रयागबाई हे ऐकत होती. टांग्याची घोडी तिनं बारामतीच्या स्टेशनापाशी पाहिली होती. खांद्याला जखमा, जखमांवर माश्या, वरून चाबूक. तिची तव्यावरची भाकरी करपली.

प्रयागबाई नेमधर्माची बाई. पहाटे अंघोळ करून नदीकाठच्या खंडोबाला प्रदक्षिणा घातल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे. घोडं म्हणजे देवाचं वाहन, त्यामुळं पाखरूची सेवा हासुद्धा तिच्या नेमातलाच भाग झाला होता. गेणबा नदीच्या उतारापासून घोडी पळवत आणायचा, ती थेट देवळापर्यंत. तिथं पायरीवर प्रयागबाई गूळ-हरभऱ्याचं ताट घेऊन उभी असायची.

आबासाहेब गेल्यावर तिनं भाकरी वाढली आणि हळूच विचारलं, "अवं, ढिली होती म्हंजी करती काय ती?"

"काय करती? अशी मान खाली घालती," गेणबानं हातातला घास ठेवला आणि मान वाकवून दाखवली. "पुढच्या घोड्याला वाट देती जणू. जॉकी चाबूक ओढतोय, आन् ही आपली मान खाली."

प्रयागबाई त्याच्या वाकलेल्या मानेकडं बघतच राहिली.

"आवं, ही तर भंडारा लावून घ्यायला वाकती."

"काय म्हणतीस?"

"देवळापुढं आलं की तुमी लगाम ओढता, खाली उतरता. ती मान घालती, तुमी कपाळाला भंडारा लावता, मग तिला खुराक मिळतो. उतारापास्नं देवळापतोर किती अंतर व्हईल?"

गेणबानं मनातल्या मनात वाट चालून पाहिली. "चारएक फर्लांग." आणि मग त्याला हसूही येईना, रडूही येईना. शर्यत पाच फर्लांगांची आणि घोडीचा देव चार फर्लांगांवर बसलेला.

उपाय तर समोर होता. घोडी देवळापुढून तशीच पुढं पळवायची. पण तेच तर होईना. खंडोबापुढून स्वार होऊन कुणी जात नसे. आबासाहेब सुद्धा तिथं पायउतार होत, चार पावलं चालत आणि मग रिकिबीत पाय घालत.

"मला जमायचं न्हाय," गेणबा म्हणाला. "हात आपोआप लगाम ओढत्यात."

प्रयागबाईनं रविवारचा उपास धरला आणि दत्तोबा गुरवाकडं गेली. म्हातारा देवळाच्या ओट्यावर वाती वळत बसला होता. सगळं ऐकून त्यानं वात कानामागं खोचली.

"देवापुढनं उधळत जायचं? तुझ्यासारखी नेमाची बाई हे बोलती?"

"भावजी, घरातलं एखादं माणूस देवाला येऊ शकलं न्हाय, तर त्याच्या वाटचा दंडवत दुसरं घालतं का न्हाय?"

"घालतं की. आजारी असलं तर."

"आन् चाकरीवर असलं तर?"

"तरी चालतं."

"मग पाखरू चाकरीवर हाय. तिच्या वाटचा अन् आमच्या ह्यांच्याबी वाटचा दंडवत मी घालते. देवाला त्याचं मिळाल्याशी कारण."

दत्तोबानं कानामागची वात काढून पुन्हा वळायला घेतली आणि म्हणाला, "बाई, तू वकील व्हायची ती चुलीपुढं बसलीस. घाल बरं. देव रागावला तर माझं नाव सांगू नगंस."

दुसऱ्या दिवशी खुराकाचं ताट देवळापाशी नव्हतं. ते फर्लांगभर पलीकडं, कालव्याच्या काठच्या चिंचेखाली ठेवलं होतं. प्रयागबाई देवळापुढच्या मातीत पालथी पडली, हात जोडून पुढं केले आणि डोळे मिटले. टापा आल्या. जवळ येताच त्या मंदावल्या आणि थांबल्या.

"हात ओढलं गं," वरून गेणबाचा ओशाळलेला आवाज आला.

"उद्या बघू," ती मातीतूनच म्हणाली.

असे कितीतरी उद्या गेले. कधी गेणबाचे हात ओढायचे, कधी ते सैल राहिले तरी घोडीच थांबायची आणि पालथ्या पडलेल्या प्रयागबाईच्या पाठीवर नाक घासायची. गावातल्या बाया पदराआड हसत. थंडी सरली, ऊस तुटून गेला, आणि एका सकाळी टापा मंदावल्या त्या पुन्हा जोरानं उठल्या. अंगावर धूळ उडवत पुढं निघून गेल्या. प्रयागबाईनं डोळे उघडले नाहीत. दंडवत पुरा केला, देवाला नमस्कार केला आणि मगच चिंचेकडं चालू लागली. तिथं पाखरू ताट चाटत होती आणि गेणबा तिच्या मानेला मिठी मारून उभा होता.

श्रावणात ती नवऱ्याबरोबर आगगाडीनं पुण्याला गेली. शर्यतीच्या कुंपणाला धरून उभी राहिली, तेव्हा आजूबाजूची पातळं आणि टोप्या बघून तिला लाजल्यासारखं झालं. गेणबानं जॉकीला एकच गोष्ट बजावली होती, "मान खाली घातली तर मारू नगा, ओढू नगा. हात सैल सोडा."

घोडी सुटली. तांबडा ठिपका सगळ्यांच्या पुढं आला. प्रयागबाईपासून थोड्याच अंतरावर पाखरूची मान खाली झुकली. एक काळं घोडं बाजूनं पुढं सरकलं. जॉकीनं हात सैल सोडले, आणि पाखरूनं मान वर काढली ती थेट पुढं ताणली. काळ्याच्या कमरेला लागली, मग खांद्याला. शेवटचा खांब आला तेव्हा दोघांत वीतभर अंतर होतं. काळंच पहिलं आलं.

गेणबा खाली बसला. आबासाहेब गर्दीतून वाट काढत आले. प्रयागबाईनं पदर पुढं ओढला.

"दुसरी आली, गेणू."

"व्हय, आबासाहेब."

"पर अखेरीला काळ्याला धरत आली की रे." ते घोडीच्या फुललेल्या नाकपुड्यांकडं बघत होते. "अजून चार ढांगा वाट असती तर?"

आबासाहेबांनी घोडीच्या गळ्यावर हात फिरवला, हाताला घाम लागला तो तिथंच धोतराला पुसला.

"टांगेवाल्याला म्हणावं दुसरं जनावर बघ. भादव्यात पुन्हा पळवू हिला."

ते गेल्यावर गेणबानं घोडीवर झूल टाकली. "मग आता खुराक कुठं ठेवायचा गं? चिंचंखालीच?"

प्रयागबाई पदरानं पाखरूच्या डोळ्यांतली धूळ पुसत होती.

"चिंचंच्या पल्याड," ती म्हणाली. "कालव्याच्या पुलापाशी ठेवू."