खुर्चीवरचा कोट

"कोट कुठंय?" डेल्बर्टनं विचारलं.

मध्यंतर झालं होतं आणि आमचे स्टोकर्स, शहराचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, नेहमीप्रमाणे मार खात होते. मला वाटलं, हा माझ्याच कोटाबद्दल विचारतोय. सप्टेंबरातलं ऊन, घामानं पाठ भिजलेली, कोट कशाला हवा?

"तुझा नाही गं. चेस्टरचा. मागच्या मॅचला आणला होतास तो."

आणला होता हे खरं. माझा नवरा चेस्टर मार्चमध्ये गेला. सीझनभराची दोन तिकिटं त्यानं दरवर्षीसारखी फेब्रुवारीतच घेऊन ठेवली होती. शेजारची खुर्ची रिकामी दिसली की लोक तिच्यावर पाय ठेवतात, बिअरचे ग्लास ठेवतात. ते मला बघवलं नसतं, म्हणून पहिल्या मॅचला मी त्याचा कामावरचा कोट तिच्यावर पसरून ठेवला. त्या दिवशी स्टोकर्स जिंकले. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडला नव्हता. आमच्या रांगेनं जोडला.

आमची रांग म्हणजे तीसएक वर्षांचं गोत. एकमेकांची घरं कुणी पाहिलेली नाहीत, पण कोण कधी शिंकणार हे सगळ्यांना ठाऊक. चेस्टरच्या पलीकडे डेल्बर्ट, निवृत्त पोस्टमन, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. मागे नॉर्मा. ती बायकांचे केस कापते आणि मॅचला कारखान्याच्या भोंग्यासारखी ओरडते.

"जा, घेऊन ये," नॉर्मा म्हणाली. "घर तर हे इथं आहे तुझं."

घर होतं खरंच जवळ. मॅचच्या दिवशी आमच्या गल्लीतले लोक आपापल्या अंगणात गाड्या लावू देतात, इतकं जवळ. मैदानाच्या फाटकावर तिकिटं तपासणाऱ्या ओटिसनं अडवलं. एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत, नियमच आहे. कशासाठी चालले आहे ते मी त्याला सांगितलं. त्यानं मान वळवून धावफलकाकडे पाहिलं.

"पळ," तो म्हणाला.

मी पळाले. या वयात, भर उन्हात, हिवाळ्याचा कोट कवटाळून परत आले. तो खुर्चीवर टेकवला आणि स्टोकर्स जिंकले. डेल्बर्टनं कोटाच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "शाब्बास, चेस्टर."

त्या दिवसापासून मला बोलायला जागा उरली नाही. जिंकणाऱ्या कपड्याला पाणी लावायचं नाही, हा आमच्याकडचा जुना कायदा. खुद्द चेस्टरनं एका वर्षी सबंध पानगळभर एकच मोज्यांचा जोड वापरला होता. तो मी त्याला मागच्या ओट्यावर ठेवायला लावत असे. आता रांगेतला प्रत्येक जण आल्याआल्या कोटाच्या बाहीला हात लावू लागला. मग पुढच्या रांगेतले लागले. मग ज्यांना मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं असे लोक जिने उतरून येऊ लागले.

स्टोकर्स परगावी खेळायला गेले तरी सुटका नव्हती. खेळ सुरू व्हायच्या आधी डेल्बर्टचा फोन यायचा.

"बसवलंस का त्याला?"

"बसवलं."

"नीट? तोंड टीव्हीकडे?"

कोटाला तोंड नसतं, असं मी सांगायची. पण फोन ठेवला की आरामखुर्चीत टेकवलेल्या त्या कोटाची कॉलर सरळ करायची. ऑक्टोबर संपता संपता मी त्याला, सूप गरम आहे, जपून, असंही सांगू लागले होते. एकदा उठून स्वयंपाकघरात गेले आणि परत येताना दारातच थबकले. मी उठले तेव्हा खुर्ची थोडी वेगळ्या दिशेला होती, असं वाटलं. नसेल. जुनी फिरती खुर्ची, तिचं काय.

चेस्टर जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. वादळ आलं की सगळं शहर घरात शिरायचं आणि हा बाहेर पडायचा. कोट तिथलाच, जाड, नारिंगी पट्ट्यांचा. रस्त्यात आपला माणूस दिसला की ते गाडीवाले दोनदा हॉर्न देतात. आमच्या लग्नाच्या दिवशी चर्चबाहेर तेच वाजलं होतं. बोलणं कमी. मॅचलाही हा कधी ओरडला नाही. सामना अटीतटीचा झाला की त्याला बघवायचं नाही. मान खाली घालायची, कॉलर वर करायची आणि खिशातल्या खिशात एका हातानं बटरस्कॉचच्या गोळीचा कागद सोडवायचा. किक मारायला खेळाडू उभा राहिला, सगळे गप्प झाले, की आमच्या रांगेत तो चुरचुर आवाज यायचा. "चेस्टर, गिळ एकदाची," असं नॉर्मा कुजबुजायची. कागद परत खिशातच जायचा. त्याच्या आईनं मैदानातल्या याच पायऱ्या झाडत त्याला वाढवलं होतं. खाली टाकलेलं कुणीतरी वाकून उचलतं, एवढंच तो म्हणायचा.

तो गेल्यावर कोट तळघराच्या जिन्यातल्या खिळ्यावर राहिला. रोज सकाळी मी तिथं जायची आणि कॉलरमध्ये तोंड खुपसायची. डिझेल, रस्त्यावर टाकतात ते मीठ, गोळ्या, आणि त्या सगळ्याखाली तो. खिशात मात्र मी कधी हात घातला नाही. घरातलं सगळंच एकदम संपवून टाकू नये.

नोव्हेंबरात एक मोठी मॅच जिंकून आम्ही परतलो. बाहीवर मोहरीच्या चटणीचा डाग होता. कुणीतरी कॉलरचा मुकाही घेतला होता. मी कोट खिळ्यावर अडकवला आणि तोंड खुपसलं. बिअर. सॉसेज भाजल्याचा धूर. नॉर्माचा केसांवर मारायचा फवारा. मी दुसरी बाही हुंगली, काखेतलं अस्तर हुंगलं, उलटा करून पाठ हुंगली. तो नव्हता. स्टोकर्स जिंकत होते आणि चेस्टर संपत चालला होता.

पुढच्या वेळी मी डेल्बर्टला सांगितलं की आता मी कोट आणणार नाही. का, तेही सांगितलं.

"बर्नी, इतकी वर्षं हरतोय आपण," तो म्हणाला. "तू गेली असतीस ना, तर त्यानं तुझा लग्नातला झगा आणून पसरला असता या खुर्चीवर."

दुखणं तेच होतं. त्यानं खरंच पसरला असता. मी कोट आणत राहिले.

जानेवारीत बाद फेरीचा सामना आमच्याच मैदानावर आला. जिंकलं तर पुढे, हरलं तर सीझन तिथंच संपला. असा सामना या शहरानं कधी पाहिला होता ते आठवायला म्हातारी माणसं शोधावी लागत होती. सरोवरावरून येणारा वारा डोळ्यांतलं पाणी गोठवत होता. डेल्बर्टच्या अंगात तेच पोस्टाचं पातळ जाकीट, सप्टेंबरातलं. कारण विचारायची गरज नव्हती. पहिल्या विजयाला तेच होतं ना अंगात.

मध्यंतरापर्यंत तो कुडकुडत होता, टोमणे मारत होता. मग टोमणे थांबले. मग कुडकुडणंही थांबलं. आम्ही थोडक्यात पुढे होतो, सगळे उभे राहून नाचत होते, आणि हा बसून. ओठ जांभळे. चेस्टर सांगायचा, माणूस थंडीनं कापतोय तोवर ठीक, कापायचा थांबला की घाबर.

मी खुर्चीवरचा कोट उचलला.

"बर्नी, हात लावू नकोस त्याला," नॉर्मा मागून म्हणाली.

"ठेव," डेल्बर्ट म्हणाला. जीभ जड झाली होती. "जिंकतोय आपण."

"हात वर कर."

"चेस्टरला विचार आधी."

"जन्मभर त्यालाच विचारत आले. हात वर कर, डेल्बर्ट."

लहान मुलाला घालावा तसा मी तो त्याच्या अंगात घातला, पार गळ्यापर्यंत बंद केला आणि त्याला ओढून चेस्टरच्या खुर्चीत, माझ्या अंगाला चिकटवून बसवलं. थोड्याच वेळात पाहुण्यांनी टचडाउन केला आणि पुढे गेले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहणंही ऐकू येतं.

शेवटी सगळं एका किकवर आलं. चेंडू दोन खांबांमधून गेला तर आम्ही जिंकलो. आमचा माणूस पुढे झाला. सगळं मैदान गप्प झालं, इतकं की झेंड्याची दोरी खांबावर आपटलेली ऐकू येत होती.

आणि शेजारून चुरचुर आवाज आला.

मी मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं तेवढं पुरे होतं. वर केलेली कॉलर, खाली घातलेली मान, खिशातला हात. नारिंगी पट्टा. मागे नॉर्माचा श्वास अडकला. आता ती म्हणेल, गिळ एकदाची, असं वाटलं. म्हणाली नाही. किक बसली, चेंडू वर गेला. तो आत जावा असं मला वाटत नव्हतं, बाहेर जावा असंही नाही. तो तिथंच, वर, राहावा एवढंच वाटत होतं. वर होता तोवर शेजारी तो बसला होता.

चेंडू खांबावर आपटला आणि खाली पडला.

लोक उठले, गेले. आमची रांग बसून होती. मग नॉर्मानं स्वतःच्या गळ्यातली लोकरीची पट्टी सोडली आणि मागून डेल्बर्टच्या गळ्याभोवती गुंडाळली.

"आता तरी धू तो कोट," ती मला म्हणाली, आणि नाक शिंकरत जिना चढून गेली.

डेल्बर्टच्या गालांवर रंग परतला होता. त्यानं खिशातून हात काढला, मूठ उघडली. पिवळे, चुरगळलेले कागद. मागच्या सीझनचे.

"मी नुसता हात गरम करत होतो," तो म्हणाला. "माझ्या लक्षातच आलं नाही, बर्नी."

मी ते घेतले. त्यांना अजून गोडसर वास होता.

माझ्या घरापाशी आल्यावर तो कोट काढायला लागला. मी काढू दिला नाही. बसथांबा लांब आहे, म्हटलं.

"उद्या आणून देतो."

"थंडी आहे तोवर राहू दे."

तो निघाला. पायरीवर उभी राहून मी बघत होते. अंधारून येत होतं, बारीक बर्फ पडत होता. पाठमोरा कोट गल्लीच्या टोकाशी पोचला तेव्हा रस्त्यावरून बर्फ काढायची गाडी आली. चालवणाऱ्याला नारिंगी पट्टे दिसले असावेत. त्यानं दोनदा हॉर्न दिला.

डेल्बर्टला त्यातलं काही माहीत नव्हतं. कुणी ओळख दाखवली की दाखवावी, या पोस्टमनच्या सवयीनं त्यानं हात वर केला. मोहरीचा डाग असलेली ती बाही दिव्याखाली क्षणभर वर राहिली. मी मूठ घट्ट मिटली. चुरचुर आवाज आला.

मग बस आली आणि कोट तिच्यात चढून गेला.