कुंकवाच्या डागाची फ्लॉपी

मी एक जुनी फ्लॉपी आहे, मित्रांनो. काळी, चौकोनी, तळहाताएवढी. माझ्यावर कुंकवाचा एक डाग आहे. तो आठवला की आजही अंगावर काटा येतो.

नव्वदच्या दशकात सुरतेतल्या एका लहानशा कॉम्प्युटर ऑफिसात प्रज्ञाबेनने माझ्यात एक प्रोग्राम भरला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर माहितीचे जे रकाने आखलेत, तसेच गिऱ्हाइकाकडे आहेत ना, एवढंच मी ताडून पाहायची. जरा फरक दिसला की लगेच बोंब ठोकायची. सगळे माझं भारी कौतुक करत, आणि मीही चांगलीच शेफारले होते.

दसऱ्याच्या मुहूर्तावर एका रक्तपेढीत रक्तदात्यांची नवी यादी चढवायची होती. सकाळी ऑफिसात प्रज्ञाबेनसोबत काम करणाऱ्या ललितने कॉम्प्युटरची पूजा मांडली. मलाही पाटावर बसवलं, वर मूठभर कुंकू.

"ललितभाई, जाताना फ्लॉपी घेऊन जा. आधी ताडून पाहा," प्रज्ञाबेन म्हणाली.

"पूजेतली वस्तू आज हलवायची नाय, बेन!"

तो मला न घेताच पेढीत गेला आणि यादी चढवून आला. मी आपली नटून बसले.

थोड्याच दिवसांत पेढीतून फोन आला. ललितची बहीण उज्ज्वला बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. एबी निगेटिव्ह रक्त हवं होतं, आणि चालणारं दुसरं निगेटिव्ह रक्त मिळत नव्हतं. पण पडद्यावर सगळे नुसतेच 'एबी'! पुढचं चिन्हच गायब. बोलावलेल्या एकाचंही रक्त जुळेना.

ललित आणि प्रज्ञाबेन मला घेऊन पेढीत धावले. प्रज्ञाबेनने मला आत सरकवलं. मी जिवाचा आटापिटा केला, पण कुंकू माझ्या पोटात गेलं होतं. नुसती घरघर झाली. अरे देवा, मी मुकी झाले होते!

बहीण मरणार या भीतीने ललित त्याच्या अहिराणीत ओरडला, "मनी बहीण मरी जाई, बेन!"

मग प्रज्ञाबेनने स्वतःच रकाने उघडले. ऑफिसात रक्तगटाला तीन अक्षरांची जागा होती, इथे दोनच. 'एबी' बसलं, पुढचं उणे चिन्ह कापलं गेलं, आणि यंत्राने हूं की चूं केलं नव्हतं. तिने ऑफिसात फोन करून मूळ यादीतलं एबी निगेटिव्हवाल्याचं नाव विचारलं. सुरतेजवळच्या कोसाडचे विणकर धुडकूभाऊ चालू लूम सोडून रक्त द्यायला धावत आले.

उज्ज्वला कशीबशी वाचली. मी मात्र कायमची निकामी झाले. मित्रांनो, कामाच्या वस्तूला हात जरूर जोडा, पण तिला तिचं काम करू द्या.

त्यानंतर दर दसऱ्याला ललित आधी नवी फ्लॉपी चालवायचा, मग पूजा करायचा. मला नुसतं बाहेर काढून पुसायचा. काही वर्षांनी उज्ज्वलाच्या, त्याच वेळी जन्मलेल्या पोरीने मला कुंकू का लावत नाही म्हणून गुजरातीत विचारलं, "मामा, आने कंकू केम नथी लगाडता?"

 ललितने तिला उचलून घट्ट पोटाशी धरलं.