गाडीतल्या पाच म्हाताऱ्या

नवऱ्यामागं इरम्मा भूमच्या रस्त्यावरच्या आपल्या घरात एकटीच राहायची. मग पुतण्या हणमंतप्पा ‘काकूला आधार’ म्हणून बायकोला घेऊन आला, आणि वर्षाच्या आत काकूची वाकळ माजघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून गोठ्यात गेली. भाकरी मिळायची ती शिळी. एकदा तिनं ताक मागितलं, तर त्यानं दंड धरून असं ढकललं की महिनाभर हात वर होईना. ती पाटलाकडं गेली. पाटील म्हणाला, “घरचं भांडण घरातच मिटवा.”

असा हा हणमंतप्पा चैत्रात एकाएकी गुळासारखा गोड झाला. “काकू, तुमास्नी सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला नेतो. सकाळीच गाडी निघंल.” आणि हे पुण्य तो गावभर सांगूनही आला.

इरम्मा हरखली. पण शेजारच्या सिताबाईचा भाचा बब्रुवान हाच गाडीवान होता, आणि त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे. सिताबाई गोठ्यात येऊन इरम्माजवळ टेकली.

“त्यो तुला तिथल्या धर्मशाळंत टाकून येणार हाय. मागं घराला नवं कुलूप.”

इरम्मानं बांधायला घेतलेलं गाठोडं बाजूला सारलं. “मग म्या जात न्हाय.”

“आज चुकवशील, उद्या दुसरीकडं टाकील. तू जा. पर एकली जाऊ नगंस.”

सकाळी गाडी दाराशी लागली, तर सिताबाई गाठोडं घेऊन हजर. तिच्यामागं उमाबाई, महादेवी आणि काठी टेकत लक्ष्मम्मा. “लई पुण्याचं काम काढलंस, बाबा,” उमाबाई म्हणाली. “आमालाबी ने.” गल्ली जमली होती. न्हाय कसं म्हणणार? पाचही जणी गाडीत चढल्या, आणि हणमंतप्पाला टेकायला वीतभर जागा उरली नाही. तो चाकाच्या धुळीत पायी निघाला.

महादेवीनं तिथंच ओवी जुळवली:

सोनारीच्या वाटं पुतण्या चाले पायी,
काकू बसे गाडीत, तिला कसली घाई.

गाडीत हशा पिकला. इरम्मानं तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना. वर्षभर ती हसली नव्हती; आता बरगड्या दुखायला लागल्या. लक्ष्मम्माला दर कोसाला उतरावं लागे, आणि प्रत्येक वेळी तिला उचलून खाली घ्यायचं काम हणमंतप्पाचं. विहीर दिसली की सिताबाई पाणी प्यायला थांबायची आणि माणसं गोळा करायची. “ह्यो इरम्माचा पुतण्या. काकूला जन्मभर घरात संभाळणार हाय.” लोक त्याला हात जोडत. एका म्हाताऱ्यानं तर त्याच्या पायाला हात लावला. हणमंतप्पाचा चेहरा मिरचीसारखा लाल होत गेला.

वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सोनारी आली. बायका दर्शनाच्या गर्दीत शिरल्या आणि हणमंतप्पा हळूच मागं सरला. पण देवळाच्या भिंतीवरून एक वानर उतरलं, त्याचा पटका ओढून पुन्हा वर जाऊन बसलं. उघड्या डोक्यानं गावाकडं कसं परतायचं? तो खालून विनवण्या करत राहिला, वानर पटका उलगडत राहिलं, आणि तोवर पाच जणींनी त्याला घेरलं.

सिताबाईनं पुजाऱ्याला पहिल्यापासूनची सगळी हकीकत सांगितली. पुजाऱ्यानं शपथेसाठी देवाचा बेल-भंडारा हणमंतप्पापुढं धरला. यात्रेकरू थबकले.

बोलायचं होतं इरम्माला. ती पुढं झाली. “हणमंता, घर माझं हाय. म्या हयात हाय तवर मला कुणी भाईर काढणार न्हाय. उचल.”

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. वाट नव्हती. त्यानं बेल-भंडारा उचलला. “कबूल,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं,” लक्ष्मम्मा म्हणाली. तिला खरंच कमी ऐकू यायचं.

“कबूल हाय, काकू.”

“आन् गेल्यावर तू तुझ्या गावी जा. मला आधार लई झाला.”

देवाची शपथ आणि भूमच्या बाजारात बोलणाऱ्या चार साक्षीदारणी; आठ दिवसांत हणमंतप्पानं बिऱ्हाड उचललं. इरम्मानं वाकळ ऊन देऊन माजघरात अंथरली. चौघी आळीपाळीनं तिच्याकडं निजायला येऊ लागल्या, आणि पुढं पुढं आळीपाळी राहिलीच नाही, चौघीही रोज येऊ लागल्या. दुपारी ताकाचं मडकं मधे ठेवून त्या तुळजापूरला कधी जायचं ते ठरवत बसायच्या.

“गाडी बब्रुवानाची,” इरम्मा म्हणाली. “पर पायी कोण चालंल?”

उमाबाई विचारात पडली. “माझा जावई हाय की. लेकीला लई दम देतो.”