टेबलाखालून दिलेली हाक

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या टेबलाखाली पायांना लागणारा, धुळीने माखलेला एक काळा ठोकळा तुम्ही पाहिला असेल. तोच मी, एक जुना यूपीएस. वीज गेली की माझ्या पोटातल्या बॅटरीवर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवायचा आणि वीज उसळून आली तर तिचा धक्का अडवायचा, एवढंच माझं काम.

एका निवृत्त मास्तरांनी मला घरी आणलं. वर्गात मास्तर वाचू लागले की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा चिडीचूप होत, असं त्यांची मुलगी सांगायची. ते तिला लाडाने 'चिमणे' म्हणत. पुढे मास्तरांच्या घशाचं मोठं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज कायमचा जाणार होता. चिमणीला तेव्हा दिवस गेले होते. मास्तर म्हणाले, "नातवंडाला माझा आवाज कळायला हवा." मग ते रोज कॉम्प्युटरसमोर बसून गोष्टी वाचून रेकॉर्ड करू लागले. एकदा गोष्ट ऐन रंगात असताना वीज गेली. खोली अंधारली, पण मी कॉम्प्युटर बंद पडू दिला नाही. मास्तरांनी वाकून माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे पठ्ठ्या!" तशी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही.

ऑपरेशन झालं, नात जन्मली. आजोबा पाटीवर लिहून बोलू लागले आणि बाळ कॉम्प्युटरमधल्या त्यांच्या आवाजावर झोपू लागलं.

इकडे माझी बॅटरी थकली. वीज असतानाही मी पिं पिं करू लागलो. दुरुस्तीवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं, "बॅटरी संपलीय, बदलून घ्या. आणि महत्त्वाचं काही असेल तर त्याची कॉपी काढून ठेवा." चिमणी म्हणाली, "हो, हो, या रविवारी नक्की." तो रविवार काही उगवला नाही. बाळाचं दुखणं, ऑफिस, मास्तरांची औषधं. तिला तरी उसंत कुठे होती?

एका दुपारी माझ्या आवाजाने बाळ दचकून उठलं. चिमणी वैतागली. "काय कटकट आहे या डबड्याची!" तिने मला बंद केलं, कॉम्प्युटरची वायर माझ्यातून काढली आणि सरळ भिंतीत लावली. मी गप्प झालो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची आज लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात वादळ झालं. बाळ मांडीवर घेऊन मास्तर स्वतःचाच आवाज ऐकत होते. वीज गेली, आली, पुन्हा गेली. मग अशी उसळून आली की दिवा भगभगला आणि कॉम्प्युटरमधून फट्‌ असा आवाज झाला. जळका वास माझ्यापर्यंत आला. बॅटरी संपली होती तरी तो धक्का मी बहुधा अडवला असता. पण माझ्यात वायरच नव्हती.

"दुरुस्तीला दिलाय, बाबा. होईल नीट," चिमणी सांगत राहिली. दुरुस्तीवाल्या बाईंनी पुष्कळ खटपट केली. हाती लागला तो एका गोष्टीचा अर्धा तुकडा. तो फोनवर घेऊन चिमणी घरी आली आणि मास्तरांच्या पायाशी बसून रडली. "बाबा, वायर मी काढली होती. मला बॅटरी बदलायला सांगितलं होतं, कॉपी काढायलाही सांगितलं होतं. तुमचा आवाज मी घालवला."

मास्तरांनी तो तुकडा लावायची खूण केली. बाळ कान देऊन ऐकू लागलं. गोष्ट वाक्याच्या मधेच तुटली आणि बाळाने भोकाड पसरलं. मास्तर उठले, कपाटातून पुस्तक काढलं, पान उघडलं आणि तुटलेल्या ओळीवर बोट ठेवून ते चिमणीपुढे धरलं.

ती वाचू लागली. शब्द अडखळत होते. मास्तरांचं बोट ओळीवरून हळूहळू पुढे सरकत राहिलं. गोष्ट संपली तेव्हा बाळ झोपलं होतं.

दुसऱ्याच दिवशी माझ्यात नवी बॅटरी बसली. तरीही आभाळ गडगडलं की चिमणीचा चेहरा उतरतो आणि टेबलाखाली मीही मान खाली घालतो.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो. जे पुन्हा करता येणार नाही, त्याची एक प्रत आजच दुसरीकडे ठेवा. आणि माझा एखादा भाऊबंद तुमच्या टेबलाखाली पिं पिं करू लागला, तर रागावू नका. जरा वाकून बघा. त्या बिचाऱ्याला दुसरे शब्द येत नाहीत.